बिडाची ऐरण, गंजका हातोडा: एका नवशिक्याची लोहारकामाची पहिली खरेदी

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता भाच्याचा फोन आला. "मामा, ऐरण मिळाली! पंचेचाळीस किलोची. सात हजार दोनशेला दिली." आवाजात इतका आनंद होता की जे विचारायला हवं होतं ते मी विचारलंच नाही. रविवारी कागलजवळच्या त्याच्या गावी गेलो तेव्हा ऐरण अंगणात पाटावर ठेवलेली होती. वर हळदकुंकू वाहिलेलं, शेजारी नारळ फोडलेला.

मी लोहार नव्हे. तीस वर्षं फिटर म्हणून काम केलं, आणि माझ्या छिन्न्या मीच तापवून, पाणी देऊन (म्हणजे तापलेलं पोलाद झटकन गार करून कठीण करून) वापरल्या, एवढीच माझी ओळख. पण जुनी हत्यारं विकत घेण्यात माझी हयात गेली आहे. भाच्याच्या खरेदीत पहिल्या फेरीला काय चुकलं आणि दुसऱ्या फेरीला काय जमलं, ते सगळं मी जवळून बघितलं. तो तपशील इथे मांडतो, कारण या कामाची ओढ असलेली बरीच तरुण मुलं सुरुवात अगदी तशीच करतात.

भाचा सव्वीस वर्षांचा. शेतकीची पदवी घेतलेला, घरची ऊसशेती बघणारा. गावातली लोहारसाळ बंद होऊन बरीच वर्षं झाली. पूर्वी लोहाराला वर्षाचं बलुतं मिळायचं आणि पेरणीआधी फाळ, सुगीआधी विळे शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून नवी धार काढून घ्यायला गाव त्याच्या दारात बसायचं. आता खुरप्याला धार लावायची तरी तालुक्याला जावं लागतं. आपणच शिकावं, आधी घरची अवजारं करावीत, हात बसला तर गावाचीही, असं त्याच्या मनात होतं. उसाच्या बिलातून १५,००० रुपये त्याने बाजूला काढले होते. पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशीही करून झाली होती. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसायांमध्ये लोहार आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे. पण ती परंपरेने हा धंदा करत आलेल्या कारागिरांसाठी, त्यामुळे त्याने तो विचार सोडला. बरोबरच केलं.

म्हणजे हातात होते पंधरा हजार, आणि त्यातले निम्मे एका वस्तूत गेले होते.

ऐरण दिसायला देखणी होती. हिरवा रंग, एका बाजूला शिंग, वरचा माथा ग्राइंडर मारून आरशासारखा केलेला. मी खिशातून जुन्या बेअरिंगची इंचभर गोळी काढली, माथ्यावर फूटपट्टी उभी धरली आणि बारा इंचांवरून गोळी सोडली. गोळी तीन इंचही वर आली नाही. 'टप्' असा आवाज करून दोनदा नाचली आणि थांबली. चांगल्या पोलादी ऐरणीवर हीच गोळी आठ-नऊ इंच उसळते. मग हातोडीने हलकेच टिचकी मारली. आवाज बसका, ओल्या घड्यावर मारल्यासारखा. एवढ्यावरून निकाल देऊ नये म्हणून बुडाला, जिथे दिसणार नाही तिथे, ग्राइंडर टेकवून बघितला. आखूड, मंद लाल ठिणग्या पडल्या आणि चाकापासून वीतभर जायच्या आतच विझल्या. साधं लोखंड लांब, पिवळसर रेघा सोडतं. कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्यांना फांद्या फुटतात, फुलबाजीसारख्या. ह्या ठिणग्या बिडाच्या होत्या.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन सहसा तीन टक्क्यांच्या आसपास असतो, आणि तो लोखंडात विरघळून न राहता ग्राफाइटच्या बारीक पाकळ्या होऊन बसतो. ह्या पाकळ्या कंप गिळून टाकतात. म्हणून लेथचा बेड बिडाचा करतात, इंजिनाचा ब्लॉक बिडाचा करतात. पण ऐरणीचं काम अगदी उलट. वरून बसलेला घाव तिने परत वर द्यायचा, म्हणजे तापलेलं लोखंड दोन्ही बाजूंनी दबतं. बिडाची ऐरण तो घाव स्वतःच पिऊन टाकते. ठोकणाऱ्याचा दंड दुखतो आणि लोखंड जागचं हलत नाही. शिवाय बीड ठिसूळ. चौथ्या दिवशी भाच्याचा हातोडा सळईवरून घसरला, ऐरणीच्या कडेवर बसला, आणि नखाएवढी कपची उडून भिंतीवर आदळली. डोळ्यावर चष्मा होता म्हणून मी आजही देवाचे आभार मानतो. तुटलेल्या जागी राखाडी, दाणेदार पोत उघडा पडला. मग बेअरिंगच्या गोळीची गरजच उरली नाही.

आमच्या भागात असा माल सहज तयार होतो. शिरोली, गोकुळ शिरगाव इथे ओतकामाचे कारखाने रांगेने आहेत. गुऱ्हाळाचे चरक, ऑइल इंजिनं ह्यांच्या जोरावर कोल्हापूरचं ओतकाम वाढलं. साचा केला की ऐरणीच्या आकाराचं बीड ओतणं अवघड नाही. विकणाऱ्याने 'पोलादी' असा शब्द कुठेच वापरला नव्हता. 'जड आहे, भरीव आहे' एवढंच म्हणाला होता, आणि ते खरंच होतं. भाच्याने वजन आणि रंग बघितला.

ऐरण घेतली त्याच दुकानातली दुसरी गोष्ट मला जास्त लागली. तिथे एका पोत्यात जुने हातोडे होते, दीडशे रुपयांना एक. भाच्याने ते उचलून परत टाकले होते. का? तर गंजलेले होते, दांडे हलत होते, डोकी फुललेली होती, म्हणजे ठोकून ठोकून कडा बाहेर पसरलेल्या.

माझ्या मते सगळं प्रकरण इथे आहे. जुन्या हत्यारात दोन जातींचे दोष असतात. काही दोष आपल्या हाताने निघतात: गंज, सैल दांडा, फुललेलं डोकं, वाकडा जबडा, सुकलेलं ग्रीस. काही दोष कोणाच्याच हाताने निघत नाहीत: मुळात धातूच चुकीचा, आत गेलेली चीर, झिजून गेलेले आटे. पहिल्या जातीचे दोष दिसायला भयंकर असतात आणि भाव पाडायला उपयोगी पडतात. दुसऱ्या जातीचे रंगाखाली झाकता येतात. नवा माणूस पहिल्याला घाबरून मागे सरतो आणि दुसऱ्याला फसतो.

दुसऱ्या फेरीआधी मी त्याला आणखी काही विकत घेऊ दिलं नाही. रस्त्याकडेला एका घिसाडी, म्हणजे फिरत्या लोहारांच्या कुटुंबाचं बिऱ्हाड उतरलं होतं, तिथे घेऊन गेलो. घरची सात खुरपी शेवटायला दिली, पैसे आधी दिले, आणि बघत बसायची परवानगी मागितली. त्यांची ऐरण म्हणजे लाकडाच्या ओंडक्यात रोवलेला पोलादाचा ठोकळा, माथा जेमतेम चार बोटांचा. शिंग नाही, रंग नाही. जमिनीत खळगा करून भट्टी, बाजूला फिरवायचा भाता. नवरा सांडशीने खुरपं धरून बसलेला, बायको उभी राहून घण घालत होती. तिचा प्रत्येक घाव त्या चार बोटांच्या माथ्यावर बरोबर मधोमध पडत होता. नवरा छोट्या हातोडीने जिथे टिचकी मारी तिथेच पुढचा घण येई. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. भाचा पाऊण तास बोलला नाही. उठताना त्याने विचारलं, "दादा, ऐरण कुठली घेऊ?" तो माणूस म्हणाला, "आधी सांडशी बघ. लोखंड धरायलाच जमलं न्हाई तर ऐरण सोन्याची असून काय करशील?"

मग आम्ही भंगाराच्या आवारात गेलो. या वेळी सोबत घेतली कानस, लोहचुंबक, बेअरिंगची गोळी, एक चिंधी आणि खडू.

ऐरणीसाठी भाच्याचं मन रेल्वे रुळाच्या तुकड्यावर होतं. रुळाचं पोलाद चांगलंच असतं, त्यात वाद नाही. बरेच हौशी लोक तो वापरतात. पण रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लिलावात घेतलेल्या मालाचा कागद असेल तर गोष्ट वेगळी. आवारवाल्याकडे रुळाचा दोन फुटी तुकडा होता, कागद नव्हता. मी भाच्याला तिथून पुढे नेलं. (कागदासह मिळालाच तर एक ध्यानात ठेवा: रूळ आडवा ठेवला की मधल्या पातळ भागावर तो लवतो आणि घाव वाया जातो. उभा करून वरच्या टोकावर ठोकलं तर सगळं वजन घावाच्या खाली येतं. माथा मात्र लहान मिळतो.)

पलीकडे यंत्राचा तुटका शाफ्ट पडला होता, १०० मिलिमीटर जाडीचा. फॅब्रिकेशनवाल्यांचं गणित सगळ्यांना पाठ असतं: मिलिमीटरमधला व्यास गुणिले व्यास, भागिले १६२, की मीटरचं वजन किलोत. म्हणजे मीटरला ६१.७ किलो. चाळीस सेंटिमीटर कापून घेतला तर पंचवीस किलो. गोळी टाकली, सहा-सात इंच उसळली. कानस फिरवली, ती घसरली नाही, धरली. म्हणजे माथा ऐरणीइतका कठीण नाही. पण नवशिक्याचे घाव चुकतात, आणि थोडा नरम माथा त्यात हातोडाही वाचवतो आणि कपचीही उडवत नाही. खड्डे पडले तर वर्षाने पुन्हा सपाट करता येईल. हा निघणारा दोष. साठ रुपये किलोने १,५०० ला ठरलं, कापून दोन्ही टोकं समांतर करून देण्यासकट.

पहिल्या दुकानातलं हातोड्यांचं पोतं पुन्हा उपसलं. एक किलोचा आणि आठशे ग्रॅमचा असे दोन निवडले. निवडताना दांड्याकडे बघितलंच नाही. तोंडावर आणि भोकाच्या दोन्ही गालांवर चिंधी फिरवून उजेडात चीर शोधली. एका देखण्या हातोड्याच्या गालावर केसाएवढी रेघ होती. भाचा म्हणाला, "ओरखडा असेल." मी त्यावर थोडं तेल लावून पुसलं आणि खडूची भुकटी चोळली. रेघेतून तेल बाहेर झिरपलं आणि खडूवर काळी ओळ उमटली. ओरखड्यातून तेल असं पाझरत नाही. तो हातोडा ठेवून दिला. घेतलेल्या दोघांची फुललेली डोकी घरी ग्राइंडरने छाटली. ही फुललेली कड गंमत नव्हे. ठोकताना तिचाच तुकडा गोळीसारखा सुटतो. तोंडाला किंचित घुमट दिला, कडा घासून बोथट केल्या. बाभळीचे दांडे बसवून पाचर मारली. दोघं मिळून ३००, दांड्यांचे १६०.

सांडश्या तीन घेतल्या, प्रत्येकी १२०. तिन्हींचे जबडे वाकडे, एकीची रिव्हेट ढिली. भाच्याचा चेहरा पडला होता. घरी मी त्याला पहिलं काम तेच दिलं. सांडशीचे जबडे भट्टीत घालून नारिंगी होईपर्यंत तापवले. दोन्ही दांड्यांच्या मध्ये लाकडाची ढलपी धरली, म्हणजे मूठ पूर्ण मिटणार नाही. जबड्यांत १० मिलिमीटरची थंड सळई ठेवली आणि ऐरणीवर धरून वरून चार घाव. गार झाल्यावर सळई उचलली तर ती सांडशीत अशी बसली की झटकली तरी सुटेना. पुढच्या सांडशीला १६ मिलिमीटरची सळई. ही गोष्ट मी शब्दांत सांगून त्याला पटली नसती. वाकडी म्हणून टाकून द्यायची वस्तू स्वतःच्या पहिल्या जाळात सरळ होते, हे त्याने डोळ्यांनी बघितलं.

हाताने फिरवायचा भाता २,२०० ला मिळाला. भात्याची परीक्षा कानाने करायची. दांडी जोरात फिरवून सोडून द्यायची. पंखा बराच वेळ आपसूक फिरत राहिला तर बेअरिंग ठीक. मध्येच 'कट' करून अडकला तर दात गेले. आम्ही बघितलेल्या पहिल्या भात्यात दात गेले होते. दुसरा नुसता कोरडा होता, तेल घातल्यावर हलका झाला. भट्टीला ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, ४०० रुपये. तो बिडाचा! भाच्याला हसू आलं. ऐरणीला जे बीड मारक, तेच भट्टीला उत्तम, कारण तिथे धग सोसायची असते, घाव नाही. ड्रममधली काळी धूळ हवेने उडवू नका. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसून तो फडका पिशवीत बांधून टाकला.

हवेच्या नळीसाठी त्याने घरातला पाण्याचा जुना पाइप काढून ठेवला होता. जीआयचा. त्यावर जस्ताचा थर असतो, आणि जस्त ९०७ अंशांना उकळतं. भट्टीच्या तोंडाशी तेवढी उष्णता सहज असते. तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. एका वेल्डरची अशी रात्र मी बघितली आहे. काळा, साधा लोखंडी पाइप शोधायला अर्धा दिवस गेला, पण त्यावर तडजोड केली नाही.

व्हाइस, म्हणजे काम घट्ट आवळून धरायचा शिकंजा, घेतली नाही. पायाची, लोहारी, जुन्या घडणीची होती, २,६०० सांगत होता, २,२०० ला आला असता. जबडे सुरेख. मी स्क्रू पूर्ण उघडायला सांगितला. टोकाचे आटे धारदार, पण मधले, जिथे रोज वापर होतो तिथले, सुरीच्या पात्यासारखे पातळ झालेले. आवळल्यावर काही दिवस धरेल, मग एका जोराच्या घावाला सुटेल. नवा स्क्रू आणि नट करून घ्यायचा तर व्हाइसहून महाग. भाच्याने हात जोडून विनवलं. मी नाही म्हटलं, आणि त्या रात्री मला थोडं वाईटही वाटलं.

छिन्न्या आणि भोकं पाडायचे सुंबे मिळून २००. कोळसा, चष्मा, जाड सुती कापडाचा एप्रन ह्यांचे १,५००. कपडे सुतीच हवेत; टेरिकॉट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. कोळसा आम्ही लोणारी, म्हणजे लाकडाचा घेतला. दगडी कोळशाची धग जास्त टिकते, पण तळाला काचेसारखा खंगर साचतो आणि हवा कोंडते. नव्या माणसाला जाळ का बसला तेच कळत नाही. लोणारी कोळसा ठिणग्या फार उडवतो, भराभर जळतो, पण स्वच्छ जळतो.

दुसऱ्या फेरीचा सगळा खर्च ६,६२० रुपये झाला. पहिल्या फेरीचे ७,२०० धरून १३,८२०. म्हणजे जी लोहारसाळ आज चालते ती त्या हिरव्या ऐरणीहून स्वस्तात उभी राहिली.

शाफ्ट चिंचेच्या बुंध्यात खळगा करून उभा रोवला. हात खाली सोडल्यावर मुठीची गाठ जिथे येते तिथे माथा येईल अशी उंची ठेवली. पहिला महिना त्याने फक्त साध्या सळईचे हूक केले. साठेक तरी. पहिले दहा बघून माझ्या बहिणीने काही न बोलता ते गोठ्यात टांगले. तिसाव्या हुकापासून टोकं निमुळती यायला लागली.

मग खुरपं. त्यासाठी ट्रकच्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचा तुकडा आणला. पाटेही जुनेच, आणि त्यांच्यातही तीच गोम: लाखो वेळा लवून आत बारीक चिरा पडलेल्या असू शकतात. तुकडा घासून स्वच्छ केला, भोकाजवळचा भाग टाकून दिला. पातं छान उतरलं. भाच्याने ते लाल करून थेट बादलीतल्या पाण्यात बुडवलं, कारण 'पाणी देणे' हा शब्द त्याने शब्दशः घेतला होता. 'टिंग' असा बारीक आवाज आला. वर काढलं तर धारेपासून मध्यापर्यंत चीर. पाट्याचं पोलाद पाण्यात फार झपाट्याने गार होतं आणि स्वतःच्याच ताणाने फाटतं. त्याला कोमट तेल हवं. मला हे ठाऊक होतं, मी त्या दिवशी तिथेच होतो, आणि बोलायला एक क्षण उशीर केला. ती चूक माझी.

दुसरं पातं त्याने लोहचुंबक जवळ ठेवून तापवलं. ७७० अंशांच्या सुमारास लोखंड चुंबकाला धरत नाही. चुंबक सुटल्यावर आणखी थोडी धग देऊन तेलात बुडवलं. धूर आला, ज्वाळा उठली, झाकण टाकलं. गार झाल्यावर कानस त्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरली. आता ते कठीण होतं, पण दगडावर आपटलं असतं तर तुटलं असतं. तो ठिसूळपणा उतरावा म्हणून पातं घासून चकचकीत केलं आणि पाठीच्या बाजूने सावकाश शेकवलं. रंग चढत गेले: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळा रंग धारेच्या अलीकडे पोहोचताच मी ह्या वेळी आधीच ओरडलो, आणि त्याने ते बाजूला घेतलं.

ते खुरपं माझी बहीण भुईमुगाच्या खुरपणीला घेऊन गेली. संध्याकाळी धार तशीच होती, एका जागी दगड लागून किंचित दुमडलेली. तुटलेली नव्हती.

हिरवी ऐरण अजून अंगणात आहे. थंड पत्रा वाकवायला आणि रिव्हेट बसवायला ती चालते. व्हाइससाठी ठेवलेले १,१८० रुपये डब्यात आहेत, त्यात आता शेजाऱ्यांच्या दोन विळ्यांच्या शेवटणीचे ऐंशी रुपये पडले आहेत. मागच्या आठवड्यात त्याने एकट्याने जाऊन एक व्हाइस बघितली. फोनवर मला तिचा रंगही सांगितला नाही, वजनही नाही. म्हणाला, "मामा, स्क्रू पूर्ण उघडला. मधले आटे बोटाला भरदार लागतायत. पण खालचा पाय जोडलेला आहे, वेल्डिंगचा. हे निघणाऱ्यातलं की न निघणाऱ्यातलं?"

मी रविवारी बघायला जातो आहे.